अब्बांची क्लॅरोनेट खोक्यात भरताना

३ एप्रिल
खोकं आलं. पुण्याला निघालेल्या एका डीजेवाल्याकडून घेतलं. दोन मोठ्या चकत्या, खाली बटणांच्या रांगा, मधे सरकत्या पट्ट्या. लॅपटॉपला जोडलं तर लाइटी अशा लागल्या, जशी गड्ड्याची जत्रा भरलीय घरात. आणि सॉफ्टवेअर म्हणतं, काहीच जोडलेलं नाही. या अल्ला, मग हे लखलखतंय काय?

अम्मी येऊन बघून गेली. "ये कैसी शेगडी लाई गे?"

दिवसभर क्लासमध्ये बायकांना सांगते, कॉम्प्युटरला घाबरायचं नाही, तो आपलं ऐकतो. माझं मात्र ऐकेना. शेवटी कळलं, खोकं आधी जोडायचं आणि सॉफ्ट. नंतर उघडायचं. शिवाय सेटिंगमध्ये त्याच्या नावापुढं 'ऑफ' होतं. ऑन केलं. आता ओळखतं, पण बोलत नाही. असे नातेवाईक पण आहेत आपल्याकडं.

५ एप्रिल
टेंभुर्णीहून तात्यांचा फोन. त्यांच्या घरातलं प्रत्येक लग्न अब्बांच्या बँडनं वाजवलंय. "मास्तर, धाकट्याचं लगीन हाय सव्वीसला. परण्याच्या मिरवणुकीला तुमीच पायजे. दुसरी बँडपार्टी आमच्यात चालत न्हाय."

अब्बा नुसतं "कळवतो" म्हणाले. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "मना कर दे. बिना मास्टर की पार्टी क्या? अब बंदच करना."

डॉक्टरांनी अब्बांचं फुंकायचं बंद केलंय. फुप्फुसं. तेव्हापासून क्लॅरोनेटची पेटी कपाटावर आणि अब्बा आतल्या खोलीत. नमाजाशिवाय बाहेर पडत नाहीत. आज "बंद" हा शब्द पहिल्यांदा तोंडातून काढला.

सिद्राममामा समोरच बसले होते. ढोल त्यांचा, मिशी फुटायच्या आधीपासून अब्बांबरोबर. चहा संपवला. जाताना दारात मला हळूच म्हणाले, "नसीम, कायतर कर की."

करायचं ते असं: अब्बांचा रियाज मी मोबाईलवर धरून ठेवलाय, फुंकणं बंद व्हायच्या आधीचा. त्याचे तुकडे खोक्याच्या बटणांवर लावायचे. ढोल, हलगी, ताशा माणसं वाजवतील, क्लॅरोनेट खोक्यातून. अब्बांना अजून सांगितलं नाही.

८ एप्रिल
मॅपिंग, म्हणजे खोक्यावरचं कुठलं बटण काय करणार ते ठरवणं. सॉफ्ट.मधलं त्याचं बटण दाबलं की सगळा स्क्रीन निळा होतो. निळ्यात एका गोष्टीवर क्लिक करायचं, मग खोक्यावरचं बटण दाबायचं, की दोघांची गाठ पडली. एवढंच! म्हटलं, हातचा मळ.

आठ तुकडे बांधले. पहिलं बटण दाबलं तर पहिला आणि पाचवा दोन्ही सुरू. अब्बांवर अब्बा. डावीकडचं बटण आणि उजवीकडचं बटण एकच नंबर पाठवतात म्हणे. का? दोन घरांना एक नंबर कोण देतं? सगळं सोडून परत बांधलं.

चकतीचं तर त्याहून विचित्र. जरा फिरवली की आवाज फुल्ल, अजून जरा फिरवली की शून्य. मधलं काही नाहीच. वाचून काढलं तर म्हणे चकती आपण कुठं आहोत ते सांगतच नाही, नुसतं पुढं की मागं तेवढं सांगते. बरं बाई. हे आता सॉफ्ट.ला समजवायचं कसं? नाही जमलं. चकत्या सोडल्या. शोभेला राहू देत.

११ एप्रिल
सॉफ्ट. गाण्याची लय विचारतं. एकच आकडा टाका म्हणतं. अब्बांचं एकच आकड्यात कुठं बसतं! सुरुवात रमतगमत, शेवट पळत, मधे पुन्हा सैल. मला वाटलं रियाज होता, चुकले असतील. प्रत्येक सूर धरून आकड्याला खिळा मारून बसवला. आख्खा शनिवार गेला.

सिद्राममामांना बोलावून ऐकवलं. बाकावर बोटांनी ढोल धरला. झाल्यावर कान खाजवत म्हणाले, "बरूबर हाय." मामांचं "बरूबर हाय" म्हणजे आवडलं नाही. आवडलं असतं तर शिवी दिली असती.

१२ एप्रिल
अब्बांना ऐकवलं. पूर्ण ऐकलं पण नाही.
"ये मैं नै बजाया."
म्हटलं, "अब्बा, तुमचंच आहे. मोबाईलमधलं."
"सांस मेरी है. बजाया मैं नै."
आणि आत गेले. रडू आलं, राग पण आला. डोळे फुटेस्तोवर बसले मी त्या खोक्यापुढं! शाब्बास म्हणायला काय जात होतं? संध्याकाळी माझ्या ताटात त्यांनी आपल्यातला शेंगाचटणीचा मोठा वाटा सरकवला.

१५ एप्रिल
सिद्राममामांना खोदून विचारलं. नवरदेव घोड्यावरून मारुतीला निघतो, त्या परण्यात मास्तर कुठं असतो? लहानपणी अब्बा मला कधी न्यायचे नाहीत, मला काय माहीत.

"मास्तर लई पुढं. आन उलटं चालत्यात, घोड्याकडं तोंड करून. नाचणाऱ्यांचं पाय बघत्यात. पोरं दमली की सैल सोडत्यात. नवरदेवाचा मामा उतरला नाचायला की ताणत्यात. आमी मास्तरकडं बघायचं, मास्तर पायाकडं."

म्हणजे ती चूक नव्हती. आणि मी खिळे मारून मोकळी!

सगळे खिळे काढले. आता तुकडा अब्बांचा वाटतो, पण ढोलाबरोबर जुळत नाही, कारण या तुकड्याला ढोल दिसत नाही. खिळे मारले तर मेलं, काढले तर पळालं. तात्यांचा परत फोन. मी म्हटलं, "दोन दिवसात सांगते." तर म्हणतात, "त्यात सांगायचं काय? या की!"

१८ एप्रिल
आज काय झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

स्क्रीन निळा होता. लयीच्या आकड्यावर क्लिक केलं होतं, उगाच. तेवढ्यात अम्मी ओरडली, दूध. पळाले. अब्बा चष्मा शोधत खोलीत आले असणार, कारण परत आले तर खोक्यावर त्यांच्या चहाचा ग्लास! जीव गेला माझा. ग्लास उचलला, पुसलं, निळं बंद केलं, तुकडा लावला. ठीक वाजत होता. मधली पट्टी सहज पुढं केली आणि क्लॅरोनेट कुत्रं मागं लागल्यासारखी पळत सुटली. मागं ओढली तर म्हैस हंबरते तसं. म्हटलं, बिघडलं! चहा गेला आत!

बऱ्याच वेळानं उलगडा झाला. ग्लास टेकवताना पट्टी सरकली, आणि लयीची गाठ पट्टीशी पडली. निळ्यात आपण जे निवडलं, त्याला पुढचा हात ज्याचा लागेल तो त्याचा धनी. इथं हात अब्बांचा लागला.

गाठ सोडायला गेले तर मागून, "रुक."

दारात कधीचे उभे होते कोण जाणे. आले, पट्टीवर एक बोट ठेवलं. केसभर सरकवलं. सूर ताणला. परत मागं. सैल. पण जरा जास्त झालं की परत कुत्रं नाहीतर म्हैस. "इतना नक्को भागने देऊ उसकू." तेवढं मला येत होतं. कमीत कमी इतकं, जास्तीत जास्त इतकं, अशी वेस घातली. आता पट्टी कुठंही नेली तरी अब्बाच वाजतात.

ते माझ्या पायाकडं बघत होते. "पाँव हिला." अब्बा? "हिला गे!" मी सलवार सावरून नाचले, दिवसाढवळ्या, खोलीत. मी थकले की सैल सोडायचे, जोर केला की ताणायचे. पार दमवलं मला. अब्बा हसले. मग खोकले, पण आधी हसले. अम्मी म्हणाली, "पागल हो गए दोनो."

एवढ्या दिवसांत घरात इतकं बरं वाटलं नव्हतं.

२१ एप्रिल
अब्बा परत नाही म्हणतात.
"घर में ठीक है. रस्ते पे नै."

कारण विचारलं. खोकं ढकलगाडीवर राहणार, स्पीकरशेजारी, सगळ्यांच्या मागं. तिथून पाय दिसतात का कुणाचे? नाचणारे पुढं, घोडा मधे. आणि मास्तर मागं बसत नाही. मास्तर मागं बसला की पार्टी संपली. हे शेवटचं वाक्य ते मराठीत बोलले, म्हणजे पक्कं झालं.

मी मात्र काल तात्यांना "येतोय" सांगून बसलेय. का सांगितलं? माहीत नाही. तोंडातून निघालं. सिद्राममामांनी कोट इस्त्रीला टाकले पण. आता उद्या कुणाला काय सांगू?

२३ एप्रिल
सकाळी चहा पिताना, माझ्याकडं न बघता: "तार कित्ती लंबी है?"
खोक्यापासून लॅपटॉपपर्यंत हातभर, म्हटलं.
"लंबी ला."
क्लास सुटल्यावर नवी पेठेतून भली लांब तार आणली. जोडलं की ओळखतं, दोन पावलं चाललं की लाइटी गुल. पुन्हा जोडा, पुन्हा गुल. लांब तारेतनं काहीतरी पोचत नाही म्हणे. काय पोचत नाही, कुठं अडतं, देव जाणे. हातभर तारच टिकते.
अब्बांना सांगितलं. "हौ," म्हणाले, आणि ढोलाचा जुना पट्टा मागितला.

२४ एप्रिल
अब्बांनी पट्ट्यानं खोकं गळ्यात अडकवलं. मी समोर, दोन्ही हातांवर लॅपटॉप धरून, ढकलगाडीवरच्या स्पीकरला आवाज बिनतारी, हवेतून जातोय. मधे हातभर तार. गल्लीत उतरलो. अब्बा उलटे चालणार, मी त्यांच्याकडं तोंड करून सरळ. माझ्यामागं सिद्राममामा ढोल घेऊन. आवाज जरा उशिरा येतो, मामा वैतागले, मग म्हणाले, "चालू द्या, धरतो मी."

मी रेंगाळले की तार ताणते, घाई केली की त्यांच्या अंगावर. गच्चीवरनं बायका हसत होत्या. पोरं नाचायला लागली, फुकट वरात! अब्बांची नजर माझ्या खांद्यावरनं मागं, पोरांच्या पायांवर. बोट पट्टीवर.

गल्लीतल्या नळाशी अब्बांना खोकला आला. वाकले. आम्ही थांबलो, ढोल थांबला. क्लॅरोनेट मात्र चालूच, त्यांनी सोडली होती त्याच लयीत. बंद करावं तर हात अडकलेले. रस्त्यावरची धूळ, डॉक्टर, परवाचं ऊन, सगळं एकदम डोक्यात आलं. हे मी बरं करतेय की वाईट, खरंच कळत नाही.

सरळ झाले. पट्टी जरा मागं घेतली.
"जायचं का अब्बा टेंभुर्णीला? खरं सांगा."
"मेरे तरफ देख. तार खेंच रई तू."

तेवढ्यात ओढणीखाली माझा फोन वाजायला लागला. तात्याच असणार, गाडी किती वाजता पाठवू विचारायला. अब्बांचा एक हात खोक्याखाली, एक पट्टीवर, माझ्या दोन्ही हातात लॅपटॉप. वाजतोय, वाजतोय.

"तात्या का फोन होगा, उठा ना," अब्बा म्हणाले.

कसा उचलू?