एकसष्टाव्या रस्त्याचा कोपरा

रवि., ५ जाने.
आजपासून मॅनहॅटनची जकात सुरू. साठाव्या रस्त्याच्या खाली गाडी नेली की नऊ डॉलर. एकदा कापले गेले की त्या दिवसापुरतं झालं, मग कितीदा आत-बाहेर करा. गाडी माझी, पण ती सबनीसांच्या कार सर्व्हिसला लावलेली, त्यामुळे सकाळीच त्यांचा फोन. आमच्या एडिसनहून जेएफके विमानतळाचं भाडं असेल तर शहरात नेणाऱ्या बोगद्याकडे वळायचंच नाही, स्टेटन आयलंडवरून वळसा. शहरात शिरायचं तर आधी गिऱ्हाइकाला विचारायचं.
"महाराज, तुम्ही देवाला विचारून रस्ता घेता. आता फोनला विचारा."
गिअरजवळ जपाची माळ असते म्हणून मी महाराज. असो.

बुध., ८ जाने.
डॉक्टरकाका आणि काकूंना, माझी जुनी गिऱ्हाइकं, जेएफकेला सोडलं. स्टेटन आयलंडवरून नेऊ का विचारलं. काका म्हणाले, "चाळीस वर्षं बोगद्यातून जातोय. नऊ डॉलर वाचवायला मी तिकडचे कचऱ्याचे डोंगर बघत जाणार नाही." काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षं बोगद्यात झोपलेले असतात हो हे. कुठूनही न्या." वळसा घेतला. काका पुलावर जागे झाले आणि पाणी बघत बसले.
दोघांनी एअरलाइन सांगितली, टर्मिनल सांगितलं. कुठे निघालेत ते मी विचारलं नाही. बावीस वर्षांत कुणालाच विचारलेलं नाही. घरातून निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून मागून अडवू नये, आईने लहानपणीच बजावलेलं. तिकडे बैलगाडी होती, इकडे विमान. नियम तोच ठेवला.

शुक्र., १० जाने.
गौरीची फेरी. दर तिसऱ्या शुक्रवारी तिच्या ऑफिसचं काम शिकागोला असतं. तिच्या दाराशी जायचं, बॅग घ्यायची, लागार्डिया विमानतळावर सोडायचं. चाळीस मिनिटं. महिन्यातलं माझं सगळ्यात चांगलं भाडं, आणि ते भाडं नाही.
आज हद्दीच्या आत गेलो तर खाली उतरताच म्हणाली, "बाबा, तू नऊ डॉलर भरून आलास? सीरियसली?" ऑफिस टॅक्सी देतं, ट्रेन आहे, बस आहे, सगळं मोजून दाखवलं. मी म्हटलं, बस मला गावाकडच्या गोष्टी विचारणार आहे का? हसली. पण रस्ताभर मनात तेच नऊ डॉलर. मुलगी बापाचा हिशेब करायला लागली की बाप म्हातारा झाला समजावं.

शुक्र., ३१ जाने.
गौ.ने तोड काढली. मी वरून, जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून यायचं आणि एकसष्टाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर थांबायचं. ती सबवेने तिथवर येणार. हद्दीच्या बाहेर एकच रस्ता, म्हणजे जकात नाही.
वाऱ्यात बॅग ओढत आली. कान लाल. तिच्या आईने, शैलाने, दिलेला डबा आधी मांडीवर घेतला, हात शेकायला. "सी? वर्क्स परफेक्टली." माझी चाळीस मिनिटं वाचली. देवाची कृपा.

गुरु., १३ फेब्रु.
बरीच गिऱ्हाइकं आता हद्दीच्या बाहेरच उतरतात आणि बॅगा ओढत चालत जातात. काही आपलं येणं-जाणंच नूअर्कच्या विमानतळावरून करतात. सबनीस वैतागलेत, शहरातली भाडी कमी झाली म्हणून.
पण आज एकाला आत न्यावं लागलं तर रस्ता मोकळा होता. मागून ॲम्ब्युलन्स आली, सगळ्यांनी बाजू दिली, ती सरळ निघून गेली. पूर्वी तिथेच अडकून ओरडत राहायची. आत कोण होतं ते माहीत नाही, पण ते वेळेवर पोचले असतील. आपल्याला जे जाचतं त्याने दुसऱ्या कुणाचा तरी रस्ता सुटत असेल, हे दिवसभर डोक्यात राहिलं. सबनीसांना सांगितलं नाही. हसले असते.

शुक्र., १४ मार्च
काल होळी. डब्यात पुरणपोळ्या. गौ. वेळेवर कोपऱ्यावर. बॅग डिकीत टाकताना हाताला हलकी लागली. बॅगांचं वजन मला हातानेच कळतं, काट्याची गरज पडत नाही. म्हटलं, सामान कमी न्यायला शिकली. पोर मोठी झाली.
थोडी वाळली आहे. शै.ला सांगितलं नाही, नाहीतर पुढच्या वेळी दोन डबे.

शुक्र., २५ एप्रिल
आज ट्रायबरो पुलावर गर्दी, चाळीसची पन्नास मिनिटं झाली. मला वाईट वाटलं नाही.
गौ. मधेच म्हणाली, "बाबा, तुला कसंतरी नाही होत? लोकांना एअरपोर्टला सोडायचं आणि एकट्याने परत यायचं. एव्हरी डे."
मी म्हटलं, एकटा कुठे, जप चालू असतो.
"आणि जप नसता तर?"
मग रेडिओ लावला असता, म्हटलं. तिला हसवायला. हसली नाही. टर्मिनल बीला उतरली, खिडकीतून हात आत घालून माझ्या खांद्यावर ठेवला. असं ती करत नाही.
रात्री नेहमीचा मेसेज: 'पोचले.'

शुक्र., १६ मे
जे झालं ते क्रमाने लिहितो.
दुपारी एडिसनच्या एका घरचे आईवडील तिसाव्या रस्त्यावरच्या हॉटेलात सोडले. आजची जकात त्यांनी भरली. म्हणजे आजचा दिवस मला शहर मोकळं. गौ.ला पाच वाजता घ्यायचं होतं, साडेतीन झाले होते. मनात आलं, आज दाराशीच जाऊ. जानेवारीपासून गेलो नाही. तिला बॅग ओढत यायला नको.
दारावर लुईस, बिल्डिंगचा दरवान. जुना ओळखीचा, मला पापा म्हणतो. "पापा! व्हॉट यू डूइंग हिअर?" मुलीला घ्यायला आलो म्हटलं. त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, "शी मूव्ह्ड, पापा. फेब्रुवारी." तिची नोकरी गेली, मग भाडं झेपेना, तिने स्वतः सांगितलेलं त्याला. मग त्याला कळलं की मला हे माहीत नव्हतं. लॉबीतल्या खुर्चीवर बस म्हणाला. पाणी दिलं. मी बसलो नाही.
गाडी घेऊन हद्दीच्या बाहेर गेलो आणि एकसष्टाव्या रस्त्यावर नेहमीच्या जागी उभी केली. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. माळ हातात होती, पण नाव पुढे सरकेना.
पाच वाजता ती सबवेच्या पायऱ्यांवरून वर आली. तोच कोट, तीच बॅग. उचलली. रिकामी. बॅगेत बॅगेशिवाय काही नाही.
रस्ताभर तीच बोलत होती, आजीच्या म्हशीची गोष्ट पुन्हा सांग म्हणाली. सांगितली. चुकीच्या ठिकाणी संपवली. "बाबा, म्हैस सापडते ना शेवटी?" सापडते, म्हटलं.
टर्मिनल बीला उतरली. आत गेली. निघालो तर मागच्या सीटवर डबा. परत फेरी मारली, पोलिसाने टर्मिनलच्या वरच्या मजल्यावर थांबू दिलं नाही, खालच्या रस्त्याने वळवलं. तिथे बसचा थांबा आहे. जवळच्या जॅक्सन हाइट्स वस्तीला जाणारी फुकट बस. रांगेत गौरी. बॅग दोन बोटांवर उचलून चढली.
बस गेली. डबा सीटवर.

शनि., १७ मे
काल रात्री मेसेज आला होता: 'पोचले.' कुठे ते त्यात कधीच नसतं.
शै.ने विचारलं, डबा परत का आला? विसरली म्हटलं. ते तरी खरं.

बुध., २१ मे
देवापुढे दिवा लावून जपाला बसलो, मन लागलं नाही. तेव्हा लिहून बघतो.
जॅक्सन हाइट्सपासून विमानतळ पाव तासावर. म्हणजे ती तिथून ट्रेनने नदी ओलांडून शहरात येते, रिकामी बॅग पायऱ्यांवरून वर आणते, कोपऱ्यावर उभी राहते. मी तिला पुन्हा नदी ओलांडून तिच्याच दारापाशी आणून सोडतो. मग ती बसने घरी. मार्च, एप्रिल, मे. सगळी उठाठेव मधल्या चाळीस मिनिटांसाठी.
राग आला होता. तो दोन दिवस टिकला.
आठवून बघितलं, मार्चपासून तिने शिकागोचं नाव एकदाही काढलेलं नाही. 'शुक्रवारी लागार्डिया? पाच?' एवढंच लिहिते. खोटं असं ती एकही बोललेली नाही. तिला बोलावं लागलंच नाही, कारण मी विचारलं नाही.
मी समजत होतो, न विचारणं म्हणजे समोरच्याचा मान. गिऱ्हाइकाच्या बाबतीत असेल. घरात ती माझी सोय होती. शाळा कुठली, नोकरी कसली, मन कशात, हे सगळं शै.ने विचारायचं आणि मी वेळेवर गाडी काढायची. आईचा नियम मी नको तिथे पाळला.
आता विचारलं तर ती शुक्रवारी येणार नाही, याची भीती आहे. नाही विचारलं तर ती येत राहील. रिकामी बॅग घेऊन, हिवाळ्यातसुद्धा.
देवापुढे हेच मांडून ठेवलं आहे.

सोम., २ जून
गौ.चा मेसेज. 'शुक्रवारी लागार्डिया? पाच?'
हो, लिहिलं. आणखी एक ओळ लिहिली, खोडली.

शुक्र., ६ जून
गाडीत बसून लिहितोय.
पाचला कोपऱ्यावर आली. बॅग मी उचलली, डिकीत नाही ठेवली. मागच्या सीटवर ठेवली. तिने बघितलं. पुढे येऊन बसली.
ट्रायबरो उतरेपर्यंत शै.च्या गुडघ्याबद्दल बोललो. मग विमानतळाची पाटी दिसायला लागली. विचारलं, "गौरी, कुठे सोडू?"
"टर्मिनल बी, बाबा. ऑल्वेज बी."
"ते टर्मिनल झालं. कुठे सोडू?"
मग म्हणाली, "तू हे कधी विचारत नाहीस. आजी म्हणायची ना, विचारायचं नसतं."
"निघालेल्याला विचारू नये. घरी चाललेल्याला विचारलेलं चालतं."
तिने तोंड खिडकीकडे केलं. खांदे हलले तेवढे दिसले. मी रस्त्यावरची नजर काढली नाही, काढता येत नव्हती. विमानतळाचा एक्झिट आला आणि मागे गेला.
"बाबा, एक्झिट मिस झाला."
"होऊ दे."
पुढचाही गेला. मग नाक ओढून म्हणाली, "नेक्स्ट वन घे. नॉर्दर्न बुलेवार्डवरून मागे वळ."
एवढंच. मग डावीकडे, उजवीकडे, इथे हळू, इथे स्पीड ब्रेकर आहे. रस्ता ती सांगत होती, मी चालवत होतो. असं कधी झालं नव्हतं.
विटांची सहा मजली बिल्डिंग. खाली लॉन्ड्री, शेजारी फळवाला, त्याने तिला हात केला. म्हणजे इथे तिला ओळखतात.
उतरताना म्हणाली, "पाच मिनिटं. घर खूप मेसी आहे. आवरते, मग बोलावते. मग सांगते सगळं. ओके?"
मी ओके म्हटलं. डबा घेऊन गेली. बॅग इथेच आहे. मी उघडलेली नाही.
शै.चा फोन येऊन गेला. "सोडलीस का तिला?"
"अजून नाही."
"ट्रॅफिक का रे?"
"हो, जरा."
सबनीसांचाही मेसेज आहे, साडेसातला नूअर्कचं भाडं घेता का, महाराज? उत्तर दिलेलं नाही.
पाच मिनिटं म्हणाली होती, वीस झाली. कुठली खिडकी तिची ते माहीत नाही, त्यामुळे सगळ्याच बघतोय. फळवाल्याने दोनदा माझ्याकडे पाहिलं. इथे गाडी लावू देत नाहीत अशी पाटी आहे, ड्रायव्हर आत असेल तर चालतं.
इंजिन बंद केलं.