अंदलीब म्हणजे कुठलं पाखरू

३ फेब्रुवारी २०२५
येत्या सोमवारपासून अंदलीब माझ्या ताब्यात! शबनमची रजा संपतेय, बायकोचे, मेहरुन्निसाचे, शिवणाचे क्लास. पोरीला म्हटलं, तुझं बाळ मी सांभाळतो. शिरोलीतल्या फौंड्रीतनं रिटायर होऊन दोन वर्षं झाली, दुसरं करतोय काय?
नातीचं नाव मीच ठेवलंय. अर्थ कुणी विचारला की तारेवरचा बुलबुल दाखवतो.

४ फेब्रुवारी
फजितीच की! शबनम म्हणाली, "अब्बा, तो बुलबुल वेगळा. अंदलीब म्हणजे नाइटिंगेल. आपल्याकडं न्हाय ते." सहा महिने गल्लीभर चुकीचं पाखरू दाखवत फिरलो.

५ फेब्रुवारी
वाचनालयात जाऊन पक्ष्यांचं जाडं पुस्तक काढलं. दिसायला अगदीच साधं — तपकिरी, चिमणीहून जरासं मोठं. इंग्रजी नावाचा अर्थ, रात्री गाणारा. गंमत म्हणजे गातो तो नर, आणि नावं ठेवायची पोरींची! मेहरुन्निसाला सांगितलं. "आमच्या घरातला नर कधी गायलेला ऐकला न्हाय," म्हणाली.
आवाज एकदा ऐकायलाच पाहिजे.

६ फेब्रुवारी
शबनमनं मोबाइलवर लावलं. मेहरुन्निसानं शिलाई मशीन थांबवलं. दोघी डोळे मिटून ऐकत बसल्या. मला मधेच टकटक, एखादी गुरगुर, बाकी शांत. आळशी पाखरू — एवढं कौतुक कशाचं? मोबाइलच बिघडला असणार.

७ फेब्रुवारी
मोबाइल दुरुस्तीला नेला. दुकानदार म्हणाला, "चाचा, झकास वाजतंय की."
तसाच बाळासोकडं गेलो. फौंड्रीत आम्ही तीस वर्षं शेजारी, घासायच्या मशीनवर. त्यालाही टकटकच. "गड्या, बारीक आवाज आपलं कवाच गेलं. तिथल्या खडखडाटात ओठ बघून बोलायची सवय, म्हणून तुला कळलं न्हाय."
पटलं नाही. चहा न घेताच उठलो.

८ फेब्रुवारी
दोघी बाजारात. बाळ झोपलेलं. मी चहा टाकत होतो, पाळण्याकडं पाठ. वळलो तर अंदलीब रडून लालबुंद. कधीपासनं रडत होती कुणास ठाऊक.
फार भ्यालो. सोमवार परवावर आलाय. सांगितलं तर बाळ माझ्याकडं कोण ठेवेल? आणि नाही सांगितलं तर?

९ फेब्रुवारी
सांगून टाकलं.
शबनम समोर येऊन बसली. "अब्बा, मी शाळेत होते तवापासनं मला माहिती हाय. घरात तुमच्याशी पाठमोरं कोण बोलतं का?"
आठवून बघितलं. कुणीच नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही.
"आणि तरी बाळ ठेवतीयस?"
"मग? दोरी आणलीय की," म्हणाली.

१० फेब्रुवारी
पाळण्याची दोरी माझ्या मनगटाला. रडायला लागली की पाय झाडते, पाळणा हलतो, दोरी ओढ घेते.
आज अंदलीब चार वेळा गायली. चारही वेळा मला कळलं.