दोन तोंडांच्या वासराची वाटणी

मी, या गल्लीतल्या अजबखान्याची मालकीण, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. त्यासाठी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी तो बरोबर सांगितला आणि आत आल्याबद्दल त्यांना तिकीट काढायला लावले.

जगभरची नवलं दाखवण्याचा हा धंदा माझ्या दिवंगत यजमानांचा. ते मेलेल्या जनावरांत पेंढा भरीत, मी खिडकीत बसून लोकांना थापा मारीत असे. संसार चांगला झाला.

१. मुठीएवढे नरमुंड माझ्या नणंदबाईंना द्यावे. जन्मभर त्यांनी या घराला भुतांचा बाजार म्हटले आणि आपले पाहुणे मात्र फुकटात दाखवायला आणले. मुंडके चामड्याचे आहे, उलट बोलत नाही. वन्संना असेच कोणीतरी हवे होते.

२. घराची पुढची खोली, आतल्या नवलांसकट, धाकट्या मुलाला. मागच्या खोल्या थोरल्याला. नळ मागे आहे, संडास पुढे. यात माझा डाव नाही, घरच तसे बांधलेले आहे.

३. जलपरी मात्र थोरल्याला. तो शाळेत विज्ञान शिकवतो. त्याने तिच्यावर चिठ्ठी डकवली, ‘वर माकड, खाली मासा’. धाकट्याने चिठ्ठी फाडून तिच्यामागे रडण्याचा आवाज बसवला. थोरल्याने भर गर्दीत वायर उपटली. तेव्हापासून दोघांत अबोला आहे. जेवायला एकाच टेबलाशी बसतात.

“आई, त्याला म्हणावं, मीठ सरकव.”

“आई, त्याला म्हणावं, हात आहेत की तुला.”

थोरल्या बाळा, जलपरी खोटी आहे हे तुझ्या बापाला ठाऊक होते, शिवलीच त्यांनी. तिच्या कमरेवरचा एक जरी टाका सापडला, तरी वर येऊन मला सांग. घाई नाही.

मरणाची मला फारशी भीती नाही. पण मी गेल्यावर या दोघांचे निरोप कोण पोचवणार, याची धास्ती वाटते. म्हणून पुढचे कलम.

४. दोन तोंडांचे वासरू. अख्ख्या अजबखान्यात खरे काय ते एवढेच. दूधवाल्याच्या गोठ्यात जन्मले, फार जगले नाही. एक तोंड दूध प्यायला लागले की दुसरे त्याचा कान चाटत बसे. डावे तोंड थोरल्याचे, उजवे धाकट्याचे. कापायला जाईल त्याचा घरावरचा हक्क संपला.

वासराची काचेची पेटी मी कालच पुढच्या-मागच्या खोल्यांमधल्या दारात ठेवून घेतली आहे. ती सरकत नाही आणि एकट्याला उचलवत नाही. हमाल, सुना, नातवंडे यांनी हात लावू नये. दोघे भाऊ मिळून ती दारातून हलवीत नाहीत, तोवर थोरल्याने संडासला शेजारी जावे, धाकट्याने पाणी बाहेरून आणावे.

पेटी दोघांनी उचलायची म्हणजे एकाला तरी “हं, उचल” म्हणावेच लागते. आधी कोण म्हणेल, यावर साक्षीदारांनी पैज लावली आहे. मी लावली नाही, मला दोघे सारखेच. ते ऐकायला मी असणार नाही, याचे वाईट वाटते. पण वासरू ऐकेल. त्याला चार कान आहेत.

ठिकाण: तिकीट खिडकी
दिनांक: अजबखान्याच्या सुट्टीचा सोमवार
सही: मालकीण

साक्षीदार:
समोरचे चष्मेवाले (काल पेटी उचलल्यामुळे सही वाकडी आली आहे)
डॉक्टरीणबाई (यापुढे तिकीट माफ)