चाळीस एकर आणि शर्टाचा एक तुकडा

मी आर्लिस हॉगस्टॅड, ऑर्डेल हॉगस्टॅडची विधवा, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार बिटर्न लेक, विस्कॉन्सिन, हे स्वतःच्या हाताने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरने तसे लिहून दिले आहे आणि तो कागद सोबत जोडला आहे, कारण उलट म्हणणारा कोणीतरी निघेलच. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणण्याचा प्रयत्न एकाने केला. त्याचे नाव पुढे येईल. आधीचे मृत्युपत्र मी चुलीत घातले आहे.

१. गावातले घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी जोनेल आणि मुलगा लायल यांना निम्मी निम्मी. यावर ते भांडणार नाहीत. जोनेल मिनिआपोलिसला असते आणि भांडायला तिला वेळ नाही.

२. ऑर्डेलची बंदूक लायलची. सॉसेजचे यंत्र आणि मोठा फ्रीझरही त्याचाच. फ्रीझरमधले मांस माझ्या दफनाला आलेल्यांना खाऊ घालावे. जे हरीण रानातल्या कॅमेऱ्याने दाखवले म्हणून मारले गेले, त्याच्या पुड्यावर मी फुली केली आहे. ते पाद्र्यांना वाढावे. त्यांना फरक कळत नाही.

३. शेजारी डुएन प्रिब याला माझ्या स्वयंपाकघराचे पडदे. त्याच्या घरात निदान काहीतरी झाकलेले राहील.

४. आता रानातली चाळीस एकर आणि त्यावरचे खोपट. यासाठीच हे सगळे लिहिते आहे.

सहा वर्षांपूर्वी लायलने रानात कॅमेरे लावायला सुरुवात केली. झाडाला पट्ट्याने बांधायचे. समोर काही हलले की फोटो काढतात आणि लगेच मोबाइलवर पाठवतात. लायल कागदगिरणीत यंत्रापाशी उभा असतो आणि हरीण कोणत्या पाणवठ्यावर आहे ते त्याला माहीत असते. मला हे आवडत नाही. शिकारीच्या हंगामात असे कॅमेरे बंद ठेवावेत का, यावर मार्चमध्ये शाळेच्या व्यायामशाळेत सुनावणी झाली. बंद ठेवावेत, असे मी उठून सांगितले. माझ्यानंतर दोन माणसे सोडून लायल उठला आणि ठेवू नयेत म्हणाला.

बाहेर गाडीपाशी तो म्हणाला, "आई, सगळ्या गावासमोर तू मला लबाड ठरवलंस."

"मी तुझं नाव घेतलं नाही."

"आडनाव सांगूनच सुरुवात केलीस ना?"

मग तो शांतपणे म्हणाला, "मला हंगामात दोन सुट्ट्या मिळतात. बाबांना नऊ दिवस मिळायचे. कॅमेरा फक्त सांगतो, आई. नेम मलाच धरावा लागतो."

हे म्हणणे खोटे नाही. मी त्यावर विचार केला आहे. निर्णय अजून झालेला नाही आणि माझ्या हयातीत होईल असे वाटत नाही.

५. आमच्या खोपटातला नियम ऑर्डेलच्या वडिलांपासून आहे. ज्याची गोळी चुकली, त्याने संध्याकाळी स्वतः सांगायचे. मग त्याच्या शर्टाचा मागचा तुकडा सुरीने कापून, त्यावर त्याने स्वतःच नाव आणि वर्ष लिहून, चुलीच्या डावीकडच्या भिंतीवर ठोकायचा. रानात प्रत्येक जण एकटा असतो. चुकलेली गोळी कोणी पाहत नाही. म्हणून त्या भिंतीला किंमत आहे. ऑर्डेलचे तीन तुकडे आहेत, माझे दोन. लायलचे दोन आहेत, पहिला त्याच्या चौदाव्या वर्षाचा. तो दारातच शर्ट बाहेर ओढून उभा राहिला होता. "कापा, बाबा," म्हणाला. मी खेळातले पत्ते खाली ठेवले. त्या दिवशी हा मुलगा मला पुरता कळला, असे मला वाटले होते.

कॅमेरे आल्यापासून त्याचा एकही तुकडा भिंतीवर गेलेला नाही.

६. या हंगामाच्या पहिल्या सकाळी मी खोपटात कॉफी करत होते. कुंपणाजवळच्या ओकाच्या झाडाकडून एक गोळी ऐकू आली. लायल रिकाम्या हातांनी परत आला.

"तुझी होती का?" मी विचारले.

"नाही. डुएनकडून आली असेल."

तिसऱ्या दिवशी डुएन पायऱ्यांवर उभा होता, मोबाइल पुढे धरून. त्याने आपला कॅमेरा कुंपणाच्या त्याच्या बाजूला बांधला आहे आणि तोंड माझ्या ओकाकडे केले आहे. फोटोत लायल आहे, बंदूक खांद्याला. एक नर हरीण शेपूट वर करून निघाले आहे.

"मी काही म्हणत नाही, आर्लिस," डुएन म्हणाला. "तू बघ फक्त."

"तुझा कॅमेरा माझ्या जमिनीत काय बघतो?"

"हरणं बघतो गं. तुझा पोरगा मध्ये आला."

"आणि तू मध्ये कशाला आलास?"

"ही जमीन सांभाळणारं कोणी उरलं नाही, एवढंच. विकायची झाली तर आधी मला सांग."

डुएन दहा वर्षे ही जमीन मागतो आहे. त्याने आणलेल्या कोणत्याही गोष्टीवर मी विश्वास ठेवत नाही, फोटोवरही नाही. बंदूक खांद्याला लावणे म्हणजे गोळी झाडणे नव्हे. मी काठी घेऊन ओकापाशी गेले. रक्त नव्हते. एका कोवळ्या पॉपलरच्या खोडात ताजी गोळी रुतलेली होती. कोणाची, ते खोडावरून कळत नाही.

मी लायलला पुन्हा विचारलेले नाही. विचारून मिळालेला तुकडा भिंतीवर चालत नाही.

७. म्हणून असे ठरवते. माझ्या मृत्यूच्या दिवशी त्या भिंतीवर लायलच्या हातचे नाव आणि या वर्षाचा आकडा असलेला तुकडा असेल, तर चाळीस एकर आणि खोपट लायलचे. नसेल, तर दोन्ही जोनेलचे. जोनेल ते विकेल आणि घेणारा एकच आहे. हे मला ठाऊक आहे. तरीही.

ती गोळी खरोखर डुएनची असेल, तर मी माझ्या मुलावर अन्याय करते आहे. त्यावरही मी विचार केला आहे. एवढे करूनही कलम बदलत नाही.

८. अंमलबजावणी खाली साक्षीदार म्हणून सही करणाऱ्या इर्मा कोल्स्टा हिने करावी. तिला वरचे काही माहीत नाही. माझी बातमी कळताच, हे पाकीट फोडण्याआधी, तिने दुसरा साक्षीदार टेड विश्नेव्स्की याला घेऊन खोपटात जावे आणि डाव्या भिंतीवरची नावे व वर्षे उतरवून आणावीत. एवढेच मी तिला तोंडी सांगून ठेवले आहे. वकील म्हणाले, "भिंतीसमोर एक कॅमेरा लावा ना. कोणी केव्हा खिळा ठोकला ते कळेल." त्यांची फी मी चुकती केली आणि उठले.

९. खोपटाच्या दारासमोरच्या बर्चच्या झाडावर लायलने एक कॅमेरा बांधला आहे. चोरांसाठी, असे तो म्हणतो.

"इथे चोरण्यासारखं काय आहे?" मी विचारले होते.

"तू एकटी येतेस इथे."

"म्हणजे माझ्यावर नजर?"

"तुझ्यासाठी, आई."

दोन्हींतले खरे कोणते ते मला ठरवता आलेले नाही. हंगाम संपला तेव्हा मी त्या कॅमेऱ्यावर ऑर्डेलचा लोकरीचा मोजा चढवला. त्यानंतर लायल दोनदा तिथे जाऊन आला आहे. मोजा त्याने काढलेला नाही. का, ते मला माहीत नाही.

दाराला कुलूप नाही. खिडकीच्या फळीवर हातोडी, एक खिळा आणि पेन्सिल ठेवली आहे. तिथे कोणी पाहत नाही.

लिहून देणार: आर्लिस हॉगस्टॅड

आमच्यासमोर तिने सही केली. आतला मजकूर आम्ही वाचलेला नाही, तिने हाताने झाकून धरला होता.

साक्षीदार: इर्मा कोल्स्टा
साक्षीदार: टेड विश्नेव्स्की

बिटर्न लेक, १४ डिसेंबर २०२३