‘भोंगा’चा सातवा अंक आणि माझी बाकीची मालमत्ता

मी, रत्नाकर दौलत ढोक, वय तेवीस, शिक्षण चौथी (पाचवीत दोन महिने), मूळ गाव आर्वी, हल्ली मुक्काम रांझी, जबलपूर; तोफांच्या गाड्यांच्या कारखान्यात फिटर आणि हस्तलिखित मासिक ‘भोंगा’चा संपादक; आज रविवारी पोटभर जेवून, डोके जागेवर असताना, कोणी दटावलेले नसताना हे लिहून ठेवतो. मंगळवारी मला तोफांच्या दुरुस्तीसाठी आसामकडे, लढाईच्या बाजूला पाठवून राहिले. नाव मीच दिले. एका जागी मला करमत नाही; आर्वीहूनही असाच उठून आलो होतो. पण माझ्यामागे भांडण नको.

कलम १. सायकल माझा धाकटा भाऊ बापू यास द्यावी. तिला ब्रेक नाही. हे आधी सांगावे, सायकल मग द्यावी.

कलम २. माझी पक्कड शरयूवहिनी खानझोडे यांस, गरम पातेली उतरवायला. ती तशीही वर्षभर त्यांच्याच चुलीपाशी आहे.

कलम ३. ‘भोंगा’चे संपादकपद कुंदा वझलवार हिला. लढाईमुळे कागद मिळत नाही, म्हणून खोक्यांच्या आतल्या खाकी कागदावर महिन्याला एकच प्रत निघते. ती रांझीतल्या एकोणीस मराठी घरांत फिरते, एका घरी एक दिवस, आणि वाचून झाले की शेवटच्या पानावर सही. अग्रलेख मी बोलायचो, कुंदा लिहायची, आणि मी न बोललेली चांगली वाक्ये त्यात निघायची. वाचकांची पत्रे मीच लिहीत असे. एक वाचक फार टीका करी, तोही मीच. त्याला माफ केले.

कलम ४. कुंदाचे बंधू चिंतामणी वझलवार यांची लेथ मशीनवरील अठ्ठेचाळीस कडव्यांची कविता मी तीनदा परत केली. त्यावरून ते माझ्याशी फक्त हिंदीत बोलतात: “कहिए संपादकजी, जगह हुई?” झाली. दर अंकात एक कडवे घ्यावे, चार वर्षे पुरेल. बाकी चिंतामणी यांस काही नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते तो साक्षीदार चालत नाही असे ऐकले आहे, आणि साक्षीदार मला दोन पाहिजेत. कडवी अंकात घेणे हा लाभ धरू नये. तो वाचकांवरचा भार आहे.

कलम ५. हे मुख्य. कारखान्याच्या फाटकात बोर्डावर प्रत्येकाच्या नंबराचा पितळी बिल्ला टांगलेला असतो. गेल्या सप्टेंबरात एका आठवड्यात दोन बिल्ले उतरले, आणि ती दोन्ही माणसे तापाने गेली होती. शनिवारी पाहतो तो भय्यासाहेब खानझोडे यांचा खिळा रिकामा. सातवा अंक त्याच संध्याकाळी निघायचा होता. मी रडलो आणि काळी चौकट आखून पानभर श्रद्धांजली लिहिली. त्यांची बदली कारखान्यातच दुसऱ्या शॉपात होऊन नवा नंबर मिळाला होता, हे मला सोमवारी कळले. अंक तेव्हा निघून गेला होता.

तीन घरे रडली. चौथे घर खानझोड्यांचे. वहिनींनी पान वाचून नवऱ्याला विचारले, “अहो, तुम्ही तर वारलात म्हणे. चहा ठेवू की नको?”

भय्यासाहेब माझ्या दारात आले, मागोमाग वहिनी. “काहून रे रत्नाकर? मी मेलो, अन् मलेच सांगितलं नाही तुनं?”

मी पाया पडलो, अंक मागितला. ते म्हणाले, “नाही देत. मनमिळाऊ, मितभाषी, असं मले जितेपणी कोणी म्हटलं का?”

“मितभाषी!” वहिनी रस्त्यातच हसायला लागल्या.

तेव्हापासून अंक त्यांच्या पेटीत आहे. पाहुणा आला की निघतो. पण त्यात पान नऊवर कुंदाची पहिली गोष्ट आहे, आणि ती पंधरा घरांनी वाचलेली नाही. तिने कधी तक्रार केली नाही, म्हणून मला जास्त लागते. सबब भय्यासाहेबांनी सातवा अंक कुंदाच्या हाती द्यावा. त्यांनाही या कागदाने काही मिळत नाही (पक्कड वहिनींची), म्हणून तेही साक्षीदार चालतात.

कलम ६. माझा बिल्ला मंगळवारपासून बोर्डावर नसेल. त्यावरून कोणी चौकट आखू नये. नीट चौकशी करावी. मनमिळाऊ लिहिले तर चालेल.

हे सर्व राजीखुशीने लिहून सही केली.

रत्नाकर दौलत ढोक
रांझी, जबलपूर, १२ मार्च १९४४

साक्षीदार पहिला: माझ्यासमोर सही झाली. कडवी अठ्ठेचाळीस नसून बावन्न आहेत. चिंतामणी वझलवार.

साक्षीदार दुसरा: सही माझ्यासमोर झाली, पण कलम पाच मंजूर नाही. पोरीची गोष्ट राहिलेल्या पंधरा घरी उद्यापासून मी स्वतः वाचून दाखवीन. अंक मात्र पेटीतच राहील. ज्यानं मला मारलं त्यानंच माझ्या दारात येऊन तो मागायचा. दुसऱ्या कोणाच्या हाती देणार नाही, सांगून ठेवतो. लवकर ये. भय्यासाहेब खानझोडे, नवा बिल्ला नंबर ४१७.