पट्टीवर मी एकटा

२ नोव्हेंबर १७११, सोमवार. फेरारा. धुकं.

मृतांचा दिवस. बहीण जेल्त्रूदे मेणबत्त्या घेऊन चर्चला गेली. मी गेलो नाही. दमट हवेत बोटं सुजतात, आणि आमच्या मृतांना तशी घाई नसते.

थांबलो ते बरं झालं. फुल्व्हियो स्वतः रचलेल्या नव्या सोनाटातला माझ्या वाट्याचा कागद देऊन गेला. हा आमचा व्हायोलिनवाला. वय सव्वीस, स्वतःबद्दलचं मत साठीचं. बावीस तारखेला, संत चेचिलियाच्या सणाला, मार्केझाबाईंच्या दिवाणखान्यात वाजवायचं आहे. फुल्व्हियो, दुसऱ्या व्हायोलिनवर त्याचा मावसभाऊ (हा ऐकू येत नाही, ही जमेची बाजू), चेलोवर बार्तोलो आणि हार्पसिकॉर्डवर मी. त्यानंतर बाई वर्षभरासाठी माणसं ठरवणार.

बार्तोलो म्हणतो, माझी खुर्ची डळमळते आहे. काल बाईंच्या घरी वाद्याचे सूर लावायला गेलो तेव्हा खाली वाकून चारही पाय तपासले. खुर्ची उत्तम आहे.

३ नोव्हेंबर

कागद नीट पाहिला.

आम्हा हार्पसिकॉर्डवाल्यांना नुसता खालचा सूर लिहून देतात, त्याखाली आकडे. आकडे बघून वरचे सूर आपण मनाने भरायचे. चाळीस वर्षं भरतोय. लोक म्हणतात, व्हायोलिन छान झालं.

या सोनाटाच्या मधल्या संथ भागात आकडेच नाहीत! लांबच लांब एकच खर्ज, आणि त्याखाली दोन शब्द: तास्तो सोलो.

तास्तो म्हणजे वाद्याची पट्टी, बोटाने दाबतो ती. सोलो म्हणजे एकटा. पट्टीवर एकटा. मी.

आमच्या काळी असले शब्द लिहीत नसत. पण मला वाचता येतं. लहानपणी पाद्रीबाबांनी अक्षरं शिकवली आणि अर्थाकडे वळायच्या आधीच ते वारले. तरी इतकं कळायला पाद्री लागत नाही.

फुल्व्हियोला हे सुचलं कसं, तेही लक्षात आलं. सप्टेंबरच्या मैफिलीत मी इतके सूर भरले की नंतर तो स्वतःच म्हणाला, "काका, आज माझं व्हायोलिन मलाही ऐकू आलं नाही." तेव्हा फार बोललो नाही. दाद पचवावी लागते.

निश्चय: रोज सकाळी दोन तास सराव.

५ नोव्हेंबर

बोटं सुजली. सराव उद्यापासून.

जेल्त्रूदेला सोलोचं सांगितलं. तिने कोबी चिरता चिरता विचारलं, "दादा, त्या पोराला नक्की विचारलंस का?" विचारायचं काय? विचारणं म्हणजे माहीत नाही असं कबूल करणं. घराण्यात ती पद्धत नाही.

न्हाव्याला सांगितलं. खाटकाला सांगितलं. चर्चमध्ये कन्फेशनला गेलो तेव्हा गर्व हे पाप म्हणून तिथेही सांगितलं.

७ नोव्हेंबर

बार्तोलोला आडून विचारलं. म्हटलं, तास्तो सोलोबद्दल तुझं मत काय? तो म्हणाला, "सगळ्यांत कठीण तेच, आन्सेल्मो. हात आवरता आला पाहिजे. तुला जमेल?"

बरोबर आहे. वेगात वाजवताना हात आवरला नाही तर बोटं एकमेकांत अडकतात. बार्तोलो पिंपासारखा असला तरी त्याला कळतं.

सोलो रचायला घेतला. सुरुवात भव्य. पुढे काय ते ठरायचं आहे.

१० नोव्हेंबर. पहिली तालीम.

हुशारी केली. सोलो आधी उघड केला तर फुल्व्हियो त्यातलं चोरणार, वर मावसभावाला देणार. म्हणून संथ भाग आल्यावर नुसती खर्जाची पट्टी दाबून गप्प बसलो. तार विरली की पुन्हा दाबायची. एवढंच.

वाजवून झाल्यावर फुल्व्हियो उठला आणि माझ्या गालांचे मुके घेतले. म्हणाला, "काका, अगदी हेच हवं होतं. मला वाटलं होतं तुम्ही ऐकणार नाही. सणालाही असंच ठेवा, पाया पडतो."

हेवा कसा वेष बदलून येतो पाहा. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे वचन नव्हे.

११ नोव्हेंबर. संत मार्टिनोचा सण.

जेवायला हंस. जेल्त्रूदेने छान भाजला होता. हाडं चघळताना कल्पना सुचली.

हार्पसिकॉर्डच्या तारा छेडतात त्या इवल्या नख्या कावळ्याच्या पिसाच्या असतात. मऊ. चाळीस वर्षं कावळ्याच्या पिसावर काढली, म्हणून मागच्या ओळीपर्यंत कोणी ऐकलं नाही. हंसाचं पीस जाड! सगळ्या नख्या हंसाच्या करायच्या. सूर लावायच्या निमित्ताने बाईंच्या घरी माझी ये-जा आहेच.

पिसं मागितली तर जेल्त्रूदे म्हणाली, अर्धी उशीत जाणार. माझी कला आणि तिची मान, यांत मान जिंकली.

१४ नोव्हेंबर

सराव झाला नाही. नख्या कापण्यात दिवस गेला. अंगठाही कापला. डावा आहे, चालेल.

१७ नोव्हेंबर. दुसरी तालीम.

पुन्हा नुसता खर्ज. बाई स्वतः ऐकायला आल्या होत्या. फुल्व्हियोने माझ्याकडे बोट दाखवून त्यांना काहीतरी सांगितलं, त्या हसल्या. अंगठ्यावरची पट्टी बघून हसल्या असतील.

सोलोची सुरुवात अजून भव्य केली. शेवटही भव्य. मधलं त्या क्षणी सुचेल. थोर लोक असंच करतात.

२१ नोव्हेंबर

नख्या बसवल्या. पिसं अपुरी पडली, म्हणून खालच्या सात-आठ पट्ट्यांना कावळाच राहू दिला. खर्जाला कोण विचारतं?

एक सूर छेडून पाहिला. बाईंचा कुत्रा खोलीबाहेर गेला. ताकद आहे.

न्हावी आणि खाटीक यांना बाईंच्या कारभाऱ्याला सांगून दारापाशी उभं राहायची परवानगी मिळवून दिली. जेल्त्रूदेही येणार. ती म्हणाली, "दादा, अजून विचारून घे." मी हॅट घासत राहिलो.

२२ नोव्हेंबर. संत चेचिलिया. दाट धुकं.

सगळं लिहितो. खोटं लिहिणार नाही, निदान आज.

पहिला भाग जलद. हंस गर्जला. पहिल्या ओळीतल्या म्हाताऱ्या काउंटने कानावर हात ठेवला. फुल्व्हियो वाजवता वाजवता वळून बघत होता. मग एक नखी मोडली. मग दोन. हंसाचं पीस जाड असतं, पण ठिसूळ असतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. भाग संपेपर्यंत वरच्या पट्ट्या एकामागून एक गप्प झाल्या.

संथ भाग आला. माझा भाग. दाराशी न्हाव्याने खाटकाला कोपर मारलं. मी दोन्ही हात उंच उचलले आणि भव्य सुरुवात केली.

टक. टक टक. नुसतं लाकूड.

फुल्व्हियोचा चेहरा पांढरा पडला. मी हात खाली आणले. आता फक्त कावळ्याच्या नख्या शिल्लक होत्या. खर्जाची पट्टी दाबली. ती वाजली. तार विरली, पुन्हा दाबली. वर फुल्व्हियो असं काही वाजवत होता की मला माझाच राग आला. डोळ्यांत पाणी आलं आणि ते नाकावरून पट्ट्यांवर पडलं. शेवटपर्यंत तीच पट्टी.

शेवटचा भाग खर्जावर आणि देवावर निभावला.

मग बाई माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "आन्सेल्मो, इतकी वर्षं तुम्ही इथे वाजवता. मधल्या भागात आज मला तुम्ही पहिल्यांदा ऐकू आलात." वर्षभरासाठी मला ठेवलं. बाकीच्या दोन भागांसाठी नवी पिसं घ्या म्हणाल्या. कावळ्याची.

२३ नोव्हेंबर

बार्तोलो मुरवलेली वाम मासळी घेऊन आला. म्हटलं, धुक्याने माझा सोलो बुडवला. त्याला कळेना. "कसला सोलो?" कागद काढून दाखवला. तो इतका हसला की वाम खाली पडली.

"अरे आन्सेल्मो, तास्तो सोलो. पट्टी, एकटी. वर काही भरायचं नाही. एकटी कोण? पट्टी. तू नव्हेस. सप्टेंबरनंतर त्या पोराला दुसरा इलाजच नव्हता."

वाम धुऊन खाल्ली. बरी होती.

बार्तोलो गेल्यावर फुल्व्हियो येऊन गेला. नाताळचा सोनाटा आणला. "तुमच्यासाठीच लिहिलाय, काका." तिन्ही भाग पाहिले. एकही आकडा नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तेच दोन शब्द.

२४ नोव्हेंबर

सकाळी दोन तास सराव केला. एकच पट्टी. वाटते तितकी सोपी नाही.

जेल्त्रूदेने स्वयंपाकघरातून विचारलं, "दादा, नाताळाला काय वाजवणार?"

म्हटलं, सोलो.

तिने जाऊन शेजारणीला सांगितलं. सांगू दे.