तेरा प्रश्न, तेरा शून्यं

प्रिय भिंगरी,

पत्राचं कारण अगदी शेवटी लिहीन. आधी लिहायला घेतलं की हात थांबतो. तीन कागद चुरगळून झाले, हा चौथा. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली आहेत, तुझी वहिनी आत झोपली आहे आणि ती उठेपर्यंत साधारण चाळीस मिनिटं माझी आहेत.

फोनवर तू तिची तब्येत विचारतेस आणि मी "ठीक आहे" म्हणून विषय संपवतो. तर आता नीट सांगतो. अर्धांगाचा झटका येऊन एकोणीस महिने झाले. उजवा हात अजून उचलत नाही. उजवा पाय ओढत चार पावलं टाकते, तीही मला धरून. जीभ जड झाली आहे, धार मात्र होती तशीच आहे. काल माझी दाढी राहिली होती, तर माझ्याकडे बघून म्हणाली, "आज... कुठल्या... जंगलातून?" तीन शब्दांना अर्धं मिनिट लागलं, पण बाईने टोमणा अर्ध्यावर सोडला नाही.

तुला एक गोष्ट सांगितलेली नाही. गेल्या वर्षी विद्यापीठाच्या नर्सिंग विभागातून एक सिस्टर आली. घरात आजारी माणूस असलं की सांभाळणाऱ्याच्या तब्येतीचं काय होतं, आणि सांभाळणारा खचला की आजारी माणसाचं काय होतं, यावर तिची पीएच.डी. चालू आहे. दर महिन्याला येते, एक कागद तुझ्या वहिनीला विचारून भरते आणि एक मी बाहेरच्या खोलीत बसून भरतो. आम्ही तिला प्रश्नवाली म्हणतो. माझ्या कागदावर बारा प्रश्न होते. थकवा येतो का, चिडचिड होते का, पाठ दुखते का, असे. उत्तर शून्य ते चार. शून्य म्हणजे अजिबात नाही, चार म्हणजे रोजच.

पहिल्याच दिवशी मी नवव्या प्रश्नावर बोट ठेवलं. "तुमची झोप आणि भूक कमी झाली आहे का?" मी म्हटलं, बाई, हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. झोप गेली आणि भूक शाबूत असली तर माणसाने काय लिहायचं? एका पारड्यात दोन जिन्नस ठेवून वजन घेत नाहीत. कागद अजून चाचणीवरच होता. तिने तिच्या मॅडमना दाखवला आणि पुढच्या महिन्यात बाराचे तेरा प्रश्न झाले. मॅडमनी निरोप धाडला, "त्या गृहस्थांचे आभार माना." आठवीतून शाळा सोडलेला, मोडका वजनकाटा उघडून उघडून काटे दुरुस्त करायला शिकलेला मी, आणि माझ्यामुळे विद्यापीठाचा कागद बदलला! आठवडाभर दुकानात येईल त्याला सांगत होतो.

आणि भिंगरे, त्या सुधारलेल्या कागदावर मी काय लिहिलं? झोपेला शून्य. भुकेला शून्य. तेराही रकान्यांत शून्य, दर महिन्याला, सुवाच्य अक्षरात. कागद भरायला सहा मिनिटं लागायची. एखाद्या रकान्यात चार लिहिणं म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःवर लाल शेरा मारणं वाटायचं. शिवाय आतून भीतीही होती, की आकडा वाढला तर कोणीतरी म्हणेल, याला झेपत नाही, बाईला दुसरीकडे हलवा.

तीन महिन्यांपूर्वी विभागाचं पत्र आलं. ज्या घरांत सांभाळणाऱ्यावर ताण जास्त आहे, तिथे आठवड्यातून तीन दिवस सिस्टर पाठवायचं ठरलं होतं. आमच्याबद्दल लिहिलं होतं, "आपल्या उत्तरांवरून आपल्या घराला सध्या मदतीची गरज दिसत नाही." मी ते तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं आणि माझ्या काटेदुरुस्तीच्या परवान्याशेजारी भिंतीवर लावलं. तिने तोंड भिंतीकडे वळवलं. मला वाटलं, झोप आली असेल.

मागच्या महिन्याच्या बावीस तारखेला सकाळी सव्वाअकरा वाजता तिला न्हाणीघरातून बाहेर आणताना माझा डावा गुडघा गेला. तिला आपटू दिलं नाही, तेवढं केलं. पण दोघंही खाली बसलो ते बसलोच. तिला उचलायला जावं तर गुडघा उभा राहू देईना. भिंतीपलीकडे शेजारीणबाईंचा नळ वाजत होता. एक हाक पुरली असती. ती म्हणत होती, "हाक... मार." मी म्हणत होतो, "थांब, उठतोच आहे." असे आम्ही ओल्या फरशीवर एक तास चाळीस मिनिटं बसलो. तिचे ओठ निळसर पडले. मग माझ्याकडे बघून तिने एकेक शब्द ओढून काढला, "पारड्यात... मी बसलेय. काटा... शून्यावर? अडकलाय... काटा तुझा." आणि माझी वाट न बघता स्वतःच ओरडली. शब्द कसला, नुसता आवाज. पण शेजारीणबाई पळत आल्या.

तिला चार दिवस ताप होता. आता उतरला आहे. तेव्हा घाबरशील म्हणून कळवलं नाही, असं लिहिणार होतो. खोटं आहे ते. लाज वाटली म्हणून कळवलं नाही.

पाचव्या दिवशी प्रश्नवालीला फोन केला आणि म्हटलं, माझे जुने आकडे चुकीचे आहेत, खोडून द्या. ती म्हणाली, "काका, दिलेले आकडे खोडता येत नाहीत. या महिन्याचा कागद कोरा आहे, तो खरा भरा." त्या कागदाला सव्वा तास लागला. बावन्नपैकी चौतीस. दोनदा बेरीज केली. थकलो आहे, भिंगरे. सकाळी बूट घालताना एक बूट हातात धरून किती वेळ बसतो, ते मलाच कळत नाही. तेरावा प्रश्न असा आहे, की अडचणीत हक्काने बोलावायला कोणी नाही असं वाटतं का, आणि कोणी असल्यास कोण. आधी शून्य घालून पुढे "गरज नाही" असं लिहायचो. या वेळी लिहिलं, "धाकटी बहीण." प्रश्नवालीने वाचलं आणि एवढंच विचारलं, "त्यांना माहीत आहे का?"

तुला आठवत असेलच. झटक्यानंतर तिसऱ्या दिवशी तू न कळवता आली होतीस. मी दारातच तुझी पिशवी उचलून पाहिली आणि म्हटलं, "साडेअकरा किलो. मुक्काम ठोकायला आलीस की काय? इथे सगळं जागच्या जागी आहे." चहा पाजून संध्याकाळच्या बसमध्ये बसवून दिलं तुला. जन्मभर एका जागी न बसलेली, एक क्षण गप्प न राहिलेली तू, खिडकीत मुकाट बसून होतीस. वजन बरोबर होतं. बाकी सगळं चुकलं.

नव्या आकड्यांवरून आता मदत मंजूर झाली आहे, पण विभागाची सिस्टर यायला अजून सहा आठवडे आहेत. तुझ्या वहिनीला एकट्याने उचलायची आता मला हिंमत होत नाही. तू ये. मेव्हण्यांना मी स्वतः फोन करून विचारतो, तो भार तुझ्यावर नाही. किती दिवस राहायचं ते तू ठरव. बसथांब्यावर मी येईन, गुडघ्याला पट्टा बांधून येईन. पिशवी उचलून आत ठेवीन आणि वजन सांगणार नाही.

तुझाच,
दादा